गल्लीला विचारायला आलेल्या बाई

आमच्या भिवंडीत माणसं बोलत नाहीत, ओरडतात. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात दुसरं ऐकूच येत नाही, आणि शुक्रवारी लूम बंद असले तरी गळ्यांना सुट्टी नसते. बाहेरच्या माणसाला वाटतं, आता इथे मुडदे पडणार.

त्या शुक्रवारी गल्लीत सभा होती. लाकडी सज्ज्यांच्या आमच्या जुन्या गल्लीला वारसा परिसराचा दर्जा मिळावा, असं मुंबईच्या एका आर्किटेक्ट बाईंच्या मनात होतं, आणि त्याआधी त्यांना आम्हाला विचारायचं होतं. मी मनातून पेटले होते. जन्मभर लूम चालवलेले माझे बाबा अर्धांगाचा झटका आल्यापासून चाकाच्या खुर्चीत होते आणि दारातल्या उंच दगडी पायऱ्यांमुळे घरातच अडकले होते. दवाखान्यात न्यायचं तर चौघांनी उचलायचं, एवढंच त्यांचं बाहेर पडणं. पायऱ्या फोडून उतार करायला मी गवंडी ठरवला, आणि तेवढ्यात कानावर आलं की वारसा झाला की दगडाला हात लावायचा नाही. माझा जीव खालीवर झाला. सज्जे जपायचे म्हणून माझ्या बापाला कोंडून ठेवणार की काय?

सभेत सगळे एकदम बोलायला लागले. हातवारे काय, आरोळ्या काय! बाईंचा चेहरा उतरला. ‘एवढा विरोध असेल तर आपण थांबू या,’ असं म्हणत त्या नकाशे गुंडाळायला लागल्या. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश.

तर शेजारचे लूममालक त्यांच्यामागे धावले. ‘मॅडम, किधर जा रहे हो? हम लोग तो हाँ बोल रहे हैं!’

मग मात्र मी सगळ्यांच्या वर आवाज चढवला. ‘तुमचं हाँ असेल हो, माझ्या बाबांचं काय?’

बाई आमच्या दाराशी आल्या, पायऱ्या बघितल्या आणि आत येऊन बाबांसमोर बसल्या. ‘आम्ही अजून कुठे अर्ज केलेला नाही, म्हणून तर आधी विचारतोय. पायऱ्या राहू द्या, त्यांच्या बाजूने उतार घाला. असे बदल करता आले पाहिजेत, हे प्रस्तावातच लिहू.’ मी ते बाबांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं.

बाबा म्हणाले, ‘मला आधी भायेर काढा, मंग काय ठेवायचं ते ठेवा.’

बाई हसल्या. मला मात्र रडूच फुटलं. इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो उतरला.

प्रस्तावाचं अजून काही कळलेलं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब. उतार मात्र लगेच झाला. पहिल्याच सकाळी बाबांना नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी नेऊन बसवलं. दुपारी जेवायला बोलवायला गेले तर त्यांनी मान हलवली.

‘इथंच आन. मी न्हाय येत.’