आधी बोलला तो हरला

आकडा सांगायचा, हाताची घडी घालायची आणि समोरच्याच्या दोन भुवयांच्या बरोबर मधे बघत गप्प बसायचं. हे तो कुठेही करी. भाजीवाल्यापुढे करी, ऑटोवाल्यापुढे करी, रजेचा अर्ज देताना प्राचार्यांपुढेही करी. "आधी बोलला तो हरला," असं नंतर आम्हाला समजावून सांगे. नांदेडचे ऑटोवाले अशा वेळी काहीच बोलत नसत, सरळ निघून जात. मग हा जिंकलेला माणूस स्टेशनपासून घरापर्यंत पायी येई.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. कुठल्यातरी हॉटेलच्या हॉलमध्ये भरभक्कम फी भरून तीन दिवस बसून आलेला आणि तेव्हापासून रिकाम्या प्लॉटकडे मुलगी बघायला आल्यासारखा बघणारा. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात हा होता. आमची टेबलं समोरासमोर. तो मूळचा हदगावचा, राहायला नांदेडात भाड्याच्या दोन खोल्यांत.

घरमालकाच्या अटी तीन होत्या. पाहुणा फार दिवस टिकता कामा नये, गच्चीवर पापड वाळवायचे नाहीत आणि भिंतीत खिळा मारायचा नाही. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पहिल्या दोन सोसत. तिसरी मात्र त्यांना फार लागे. बुद्धांची तसबीर, लग्नातला फोटो, सासू-सासऱ्यांचा, पदवीचा गाऊन घातलेल्या लेकीचा, सगळे पत्र्याच्या पेटीत चादरीत गुंडाळून पडलेले. "मला बंगला नको, भाऊजी," त्या मला म्हणत. "माझ्या भितीत एक खिळा मारायचा हाय मला. कुणाला न विचारता." त्यासाठी त्या भिशी लावून पैसे जमवत होत्या.

त्या भिशीतून याने फी भरली आणि प्रॉपर्टीत पैसा कसा करायचा ते शिकायला लातूर गाठलं. घरी सांगितलं, विद्यापीठाचं ट्रेनिंग आहे.

पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून "मी श्रीमंत होणार" असं ओरडायला लावलं. याच्या शेजारी उदगीरचा एक खताचा दुकानदार होता. तो फक्त ओरडायला उठे, बाकी वेळ एसीत झोपे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पैशातून घरं कशी घ्यायची ते शिकवलं. दुसरा म्हणजे नेमका कोण, हे विचारायला याने हात वर केला, तर टाळ्या वाजवायची वेळ झाली होती. तिसऱ्या दिवशी तो गप्प बसायचा मंत्र मिळाला. आणि समारोपाला कळलं की खरं ज्ञान पुढच्या कोर्समध्ये आहे आणि त्याची फी दुप्पट आहे.

इथे मात्र गड्याने कमाल केली. तो थेट गुरूंपुढे गेला, "अर्ध्यात द्या" म्हणाला आणि हाताची घडी घातली. गुरूंनीही घडी घातली. दोघे एकमेकांच्या भुवयांकडे बघत उभे. वेटरांनी खुर्च्या एकावर एक रचल्या, बॅनर उतरवला, एसी बंद केला. शेवटी गुरू म्हणाले, "सर, माझी गाडी चुकेल हो." हा विजयी मुद्रेने एसटीत बसला. पुढचा कोर्स मिळाला नाही तो नाहीच, पण गुरूला हरवल्याची गोष्ट आम्ही वर्षभर चहाबरोबर ऐकली.

घरी वेगळंच घडलं. भिशी कुठे गेली ते वहिनींना कळलं आणि त्यांनी बोलणं बंद केलं. याने समजावलं, पाया पडला, कुंभाराच्या दुकानातून नवा माठ आणून ठेवला. त्या गप्पच. तो माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "अरे, ही तर बिनाफीचीच मास्टर हाय."

मला तेव्हा त्याचा राग आला होता. त्या माउलीने चहात साखर कमी घालून जमवलेले पैसे उडवून हा आम्हाला विनोद सांगत होता. पण पाप मनात डाचत असावं, कारण त्यानंतर एकही रविवार त्याने घरी काढला नाही. उरलेल्या पैशात आणि बँकेच्या कर्जात बसेल असं घर तो मला बरोबर घेऊन शोधत हिंडू लागला. प्रत्येक एजंटापुढे घडी, प्रत्येक एजंटाच्या भुवया. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या मित्राला फिट येतेत का हो?"

असं करत आम्ही सिडकोच्या मागे एका म्हातारीच्या घरी पोचलो. दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला, तो तिला घेऊन चालला होता. तिने आकडा सांगितला. याने बराच खालचा सांगितला आणि सुरू झाला.

म्हातारी जरा थांबली. मग उठून पाणी घेऊन आली. "ऊन लागलं का बाबा?"

हा गप्प. मी तोंड उघडणार तोच याने माझा पाय दाबला.

"पोटात दुखून राहिलं का?"

गप्प. तिने चहा ठेवला, कप याच्या हातात दिला आणि समोर बसून आवाज खाली आणून विचारलं, "घरात कोणी गेलं का रे तुझ्या?"

आता मलाच रडू येईल असं वाटायला लागलं. म्हातारी मग आपणच बोलत बसली. नवऱ्याने विटा कशा सायकलवरून आणल्या, लिंब कोणी लावला, हैदराबादला लिफ्टची भीती कशी वाटते. बोलून झाल्यावर तिने याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लेकरा, पैसे कमी हायत का? तसं सांग की मग. गप का बसलास?"

"हाव मावशी," हा म्हणाला. "कमी हायत." आणि मग भिशी, खिळा, लातूर, सगळं भडाभडा ओकला.

म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. "गप बसायला शिकवायचे पैसे घेतले व्हय तुझ्याकडून?" हसणं ओसरल्यावर तिने आकडा खाली आणला. याने मागितला होता तितका नाही, पण याला पेलेल इतका. एकच अट घातली. "ह्यांचा फोटो हितंच राहू दे. पोराच्या फ्लॅटात खिळा मारू देत न्हाईत म्हणे."

परतताना स्कूटरवर तो म्हणाला, "हरलो यार. लई बेकार हरलो." एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

घर झालं. दर्शनी भिंतीवर फेटा आणि झुपकेदार मिशा असलेले ते अनोळखी गृहस्थ. येणारा जाणारा याचे वडील समजून हात जोडे. "हे आमचे सेलर," हा ओळख करून देई. त्यांच्या पुण्यतिथीला वहिनी हार घालत आणि मोबाइलवर फोटो काढून हैदराबादला पाठवत.

गंमत म्हणजे म्हातारीच्या भिंती खिळ्यांनी भरलेल्या होत्या. पेटीतल्या सगळ्या तसबिरी आयत्या खिळ्यांवर लागल्या. "खिळे फ्री मिळवले, बघ. ह्याला म्हणतेत निगोशिएशन," हा मिरवायचा. वहिनींनी हौसेने आणलेला हातोडा फडताळातच राहिला.

"पण त्या सेमिनारचे पैसे वसूल झाले का?" ऑफिसातली नवी मंडळी विचारत. तो हाताची घडी घाली आणि त्यांच्या भुवयांकडे बघे. ती मंडळी आपोआप कामाला लागत.

गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला. दिवसकार्य झाल्यावर मी घरी गेलो, तर वहिनी स्टुलावर चढलेल्या, हातात हातोडा. आता एकही खिळा रिकामा नव्हता. "भाऊजी, स्टूल धरा," म्हणाल्या. मी मारतो म्हटलं, तर नको म्हणाल्या. दोनदा गिलावा उडाला, तिसऱ्यांदा खिळा बसला.

"माझा पहिला खिळा," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी मारायचा नव्हता हो मला."

फोटो कॉलेजच्या गॅदरिंगमधला होता. सेलरच्या शेजारी लावला. हाताची घडी, नजर थेट माझ्या भुवयांच्या मधे. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मीही हाताची घडी घातली आणि त्याच्याकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ दोघेही गप्प.

"बोल की रे बाबा," शेवटी मीच म्हणालो.