गाळ तसाच, पावडर वरून

“लघवीच्या पिशवीत ट्यूमर आहे, म्हणजे गाठ,” गेल्या वर्षी, १९७६ साली, अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझे यजमान खिडकीबाहेर बघत होते. माझं मात्र डोकं फिरलं. दोन महिने लघवीतून रक्त जात होतं आणि या माणसाने घरात चकार शब्द काढला नव्हता.

“दुखत नोतं, मंग कायले सांगू?” म्हणे.

तुमच्या घरी कुणाला असं रक्त दिसलं तर दुखायची वाट बघू नका.

आधी सिस्टोस्कोपी झाली. नळी घालून आत बघतात. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. तुकडा नागपूरला गेला. आठ दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून काढले. निकाल आला: कॅन्सर, पण वरवरचा. नळीतूनच खरवडून काढला.

डॉक्टरांनी बिडीचं विचारलं. ओढतात. मग पाण्याचं विचारलं, तेव्हा मी सगळंच ओकले. शेलूबाजारजवळ आमचा भाजीचा मळा, पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं. धाकटे दीर कॉलऱ्याने गेले, तेव्हापासून हे दर आठवड्याला त्यात ब्लीचिंग पावडर ओततात. सरकारी माणसाने माप ठरवून दिलं होतं. यांचं माप नाकात: वास आला नाही की आणखी डबाभर.

आणि तळाशी पांगाऱ्याचा पाला वर्षानुवर्षं कुजत पडलेला. गाळ कुणी काढायचा नाही, कारण विहिरीत आसरा राहतात. त्या पाण्यातल्या देवी; त्यांच्या जागेत उतरलं तर माणूस नेतात, असं सासूबाई सांगत आल्या.

डॉक्टर म्हणाले, “पावडरीतलं क्लोरीन कुजलेल्या पाल्याला लागलं की क्लोरोफॉर्मसारखी, कॅन्सरचा संशय असलेली द्रव्यं तयार होतात, हे परदेशात नुकतंच लक्षात आलंय. यांची गाठ त्यानेच झाली का, ते मला सांगता येणार नाही. पण पावडर बंद करू नका. कॉलरा दोन दिवसांत माणूस नेतो. आधी गाळ काढा, मग मापाने टाका.”

सांगता येणार नाही म्हणे. मग मी कुणाशी भांडू? बिडीशी, पावडरशी, की नवऱ्याशी?

वैशाखात विहिरीचं पाणी तळाला गेलं. गाळ काढणारे आले, पण घरचं कुणी आधी उतरल्याशिवाय ते उतरेनात. सासूबाई पायऱ्यांवर आडव्या बसल्या.

“उतरली त माणूस जाईन.”

“भाऊजी गेले, हे जाता जाता राह्यले,” मी म्हणाले. “तवा कोन उतरलं होतं, आत्याबाई?”

त्या बाजूला सरकल्या. मी पदर खोचून उतरले. पहिली टोपली भरली. काळा, घाण वासाचा चिखल. दोर हलवून वर पाहिलं, तर टोपली सासूबाई ओढत होत्या.

यांना तीन-तीन महिन्यांनी तपासणीला नेते. डॉक्टरांचे आभार केव्हाच मानले. सासूबाईंचे राहिलेत. राग ओसरला की मानीन.