दुर्बिणीतली सरळ बाई

आधीच सांगून टाकते — मी नववी-दहावीला फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेताचा विषय काढला की सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मी. दृष्ट काढणं, उतारा टाकणं, यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. या ग्रुपवरच्या लोकांचे अनुभवही मी आजवर टवाळी करायलाच वाचत आले. आता मीच लिहायला बसलेय... काय करणार, रात्रीची झोप उडाली आहे.

आम्ही ग्वाल्हेरचे. लष्कर भागात, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत राहतो. तिसरा मजला आणि वर गच्ची. यजमान नोकरीनिमित्त झाशीला असतात, रविवारी येतात. एरवी घरात मी आणि आमची मुलगी रेवा. मागच्या जानेवारीत ती अकरावीत होती आणि ग्रह बघायचं वेड डोक्यात घेऊन बसली होती. तिच्या वाढदिवसाला यांनी दुर्बीण आणली, साडेचार इंची, आरशाची. तिचं तीन पायांचं तिकाटणं जोडायला आम्हाला अख्खी दुपार लागली आणि शेवटी दोन स्क्रू उरलेच.

नवशिक्यांसाठी पहिलं काम असतं नेम जुळवायचं. मोठ्या नळीतून आकाशाचा एवढासाच तुकडा दिसतो, म्हणून बाजूला एक लहान नळी असते, तिच्यातून आधी ग्रह शोधायचा. दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी बघताहेत ना, हे दिवसाउजेडी लांबच्या न हलणाऱ्या वस्तूवर तपासून घ्यायचं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मी तेच करत होते. टोपी बाजाराच्या पलीकडे, अर्ध्या किलोमीटरवर, एका गच्चीवर काळी पाण्याची टाकी आहे, ती धरली. रेवा खाली तिळाचे लाडू खात होती.

टाकी गोलात आली, आणि टाकीशेजारी एक बाई उभी होती. मरून साडी, आपल्यासारखा डाव्या खांद्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. सरळ माझ्याकडे बघत होती. मला गंमत वाटली. इथं आपली मराठी माणसं आता पांगलेली, त्यात संक्रांतीचे दिवस, हळदीकुंकवाला बायका शोधाव्या लागतात. डोळा दुर्बिणीला तसाच ठेवून मी दोन बोटं कपाळाला लावली आणि हातानं ‘या आमच्याकडे’ अशी खूण केली. निव्वळ थट्टा. तिला काय दिसणार होतं?

तिनं मान डोलावली.

तेव्हाच खटकायला हवं होतं. अर्ध्या किलोमीटरवरून माझी दोन बोटं कुणाला दिसतील? पण मी हसले, तिनं सहज मान हलवली असेल म्हटलं, आणि अंधार पडल्यावर आम्ही दोघींनी शुक्र पाहिला. चंद्रासारखा अर्धा होता! रेवा नाचलीच. शुक्र जिथं स्वच्छ दिसला तिथं मी फोकसच्या नळीवर पेन्सिलीनं रेघ मारली, म्हणजे रोज चाचपडायला नको. प्रॅक्टिकल घेणाऱ्या बाईची सवय, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी नेम रेवानं जुळवला.

“आई, टंकी तो उल्टी दिख रही है!”

मी लगेच मास्तरणीच्या थाटात सुरू झाले. आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, ग्रहाला खाली-वर नसतं म्हणून कुणाचं बिघडत नाही, किरण असे येतात, असे वळतात. हवेत बोटानं आकृतीसुद्धा काढली. रेवानं डोळा काढला नाही.

“पण आई, त्या आंटी तर सीध्या आहेत न.”

मी तिला बाजूला सारलं. टाकी उलटी. तिचा पाइप उलटा. मागच्या डिशची छत्री उलटी. आणि त्या सगळ्याच्या मधोमध ती बाई डोकं वर, पाय खाली, अगदी सरळ.

 तुम्ही नीट विचार करा. जी दुर्बीण सगळं उलटं दाखवते, तिच्यात एखादी व्यक्ती सरळ दिसायची असेल तर ती खरोखर उलटी असायला हवी. डोकं खाली, पाय वर. पण मग तिचा पदर तोंडावर पडायला हवा होता, केस लोंबायला हवे होते. तसलं काही नव्हतं. आदल्या दिवशी मी तिला आमंत्रण दिलं तेव्हाही ती अशीच होती, आणि माणूस सरळच उभं असतं म्हणून माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, तर गच्चीवर कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत येताना मी ते घर शोधून काढलं. खाली चुन्या-रंगाचं दुकान आहे. दुकानदाराला विचारलं, वर कोण राहतं? “बहनजी, ऊपर तो कोई जाता ही नहीं। बरसात में ज़ीना गिर गया था।” मी मागच्या बाजूनं जाऊन पाहिलं. जिना खरंच नव्हता.

मी यांना फोन केला. हे म्हणाले, “अगं, तुला वहम झालाय. लेन्समध्ये काही तरी अटकलं असेल, मी येऊन साफ करतो न.” मलाही ते पटवून घ्यायचं होतं. म्हणून पुढचे चार दिवस रेवाला खाली ठेवून मी एकटी पाहत राहिले... आणि त्या पेन्सिलीच्या रेघेनंच माझा घात केला. वस्तू जितकी जवळ, तितकी फोकसची नळी जास्त बाहेर काढावी लागते. ती बाई रोज दिसायची, पण रोज नळी आधीपेक्षा जास्त बाहेर ओढल्यावर. चौथ्या दिवशी टाकी पार धुरकट झाली होती आणि बाईच्या साडीची किनार मोजता येत होती. ती त्या गच्चीवर राहिलीच नव्हती. आमच्याकडे यायला निघाली होती, आणि बोलावलं मीच होतं.

त्या दिवशी मी दुर्बीण कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. रेवा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

रथसप्तमीला मी हळदीकुंकू ठेवलं होतं. करणारच नव्हते, पण शाळेतल्या बायकांना आधीच सांगून बसले होते. सहापासून बायका यायला लागल्या. हळद-कुंकू लावतेय, वाण देतेय, तिळगूळ देतेय, माझं लक्ष मात्र दाराकडे. प्रत्येक नवीन चेहरा आधी निरखून बघत होते. सगळ्या ओळखीच्या निघाल्या. पावणेसातला शेजारच्या काकू म्हणाल्या, “काय हो, रेवा दिसत नाही आहे? आत्ताच काही मोठं घेऊन वरती गेली न?”

तबक माझ्या हातातून पडलं की मी खाली ठेवलं, आठवत नाही. जिना मी कसा चढले तेही नाही.

गच्चीवर रेवा दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. नळीचं तोंड जवळजवळ डोक्यावर, गुरूकडे वळवलेलं. फोकसची नळी होती तेवढी सगळी बाहेर आलेली.

“आई, गुरू दिसतच नाही आहे,” ती डोळा न काढता म्हणाली. “बस त्या आंटींचा चेहरा दिसतोय. पूरा मावत पण नाही आहे. किती छान हसतात...”

नळी एवढी बाहेर असताना वीस-पंचवीस पावलांवरची वस्तू स्वच्छ दिसते. मी वर पाहिलं. वर आकाश होतं, गुरू होता, बाकी काही नव्हतं. मी रेवाचा दंड धरून तिला ओढलं, इतक्या जोरात की तिकाटण्यासकट दुर्बीण आडवी झाली. रेवा रडायला लागली. मी तिला छातीशी धरलं आणि तिचा चेहरा वर केला.

तिच्या कपाळावर हळद-कुंकू होतं. ओलं.

त्या संध्याकाळी मी तिला लावलं नव्हतं. ती जीन्स घालून फिरतेय म्हणून चिडून मीच तिला पुढे येऊ दिलं नव्हतं. बायकांनाही विचारलं, कुणी लावलं नव्हतं. आणि आमच्यात वर कुंकू, त्याच्याखाली हळद लावतात. रेवाच्या कपाळावर हळद वर होती आणि कुंकू खाली. समोरचं माणूस डोकं खाली, पाय वर असं उलटं राहून लावेल तर तसं लागेल.

मी पदरानं पुसलं, पाण्यानं धुतलं, निघालं. दुर्बीण यांनी भंगारात दिली. आरसा फुटला होता, त्यात बघण्यासारखं काही सापडलं नाही. यांनी आता वहम म्हणणं बंद केलंय. मी कारणं शोधली नाहीत असं नाही. प्रतिबिंब, मनाचे खेळ, मुलीनं स्वतःच लावून घेतलं... एकेक करून सगळी खोडली. आजपर्यंत मला उत्तर मिळालेलं नाही, आणि आता उत्तर नाही मिळालं तरी चालेल असं वाटायला लागलंय.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. मागच्या आठवड्यात रेवाच्या कॉलेजच्या फॉर्मबद्दल बोलत होतो. पुढच्या वर्षी कुठं, इंदूर की पुणे. बोलता बोलता तिनं फॉर्म बाजूला सारला. मग म्हणाली, “आई, एक गोष्ट सांगू? रागावू नकोस. त्या दिवशी त्यांनी कुंकू लावलं न, तेव्हा कानात म्हणाल्या, आता तू आमच्याकडे यायचं हं, पुढच्या संक्रांतीला.”

मी विचारलं, “मग तू काय म्हणालीस?”

“हो म्हटलं. तूच तर शिकवलंय, कुणी हळदीकुंकवाला बोलावलं तर नाही म्हणायचं नसतं.”

संक्रांतीला वीस दिवस उरलेत. मी शाळेतून रजा घेतली आहे, हेही येताहेत, रेवाची खाट मी माझ्या खोलीत आणून घेतली आहे. तुमच्यात जाणती माणसं आहेत म्हणून विचारते, आणि हसायचं असेल तर हसा, मीही हसायचेच... पोरीनं न कळता दिलेला होकार तिच्या आईला परत घेता येतो का?