न दिसणारी ओळ

मावशींची जीभ मुळात तिखट, पण साहेबांसमोर ती टाळूला चिकटायची. मग त्या रोज सकाळी बोटांनी बोलून घेत. गोदामाच्या जुन्या प्रोग्रामने पासवर्ड मागितला की पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही. तिथे त्या आधी 'टकल्या, तुझं वाटोळं होवो' असं टाइप करायच्या, सगळं खोडायच्या आणि मग पासवर्ड घालायच्या. जीव हलका व्हायचा. जे दिसत नाही ते कुठेच राहत नाही, हा त्यांचा हिशेब.

तो प्रोग्रामही मोठा मानी. समोर खरंखुरं टर्मिनल, म्हणजे पडदा, कीबोर्ड आणि माणूस असल्याशिवाय तोंड उघडत नसे. दुसऱ्या प्रोग्रामने हुकूम सोडला की रुसून बंद. तिथेच प्रोग्रामर असलेल्या मावशींच्या जावयाने त्याला गंडवलं. जावई वापरायचा त्या प्रोग्रामिंगच्या भाषेसोबत खोटं टर्मिनल उभं करायचं सामान आयतंच येतं. कोणती कळ कधी दाबायची, एवढं मात्र मावशींकडून घ्यायचं होतं.

"आई, या खोट्या टर्मिनलवर रोजच्यासारखं काम करा. मी नोंद घेतो. बोटं दुखतात ना तुमची, सुटाल एकदाच्या."

"आणि माझी नोकरी?"

"साहेबांनी शब्द दिलाय. नव्या लोकांना तुम्हीच शिकवणार."

हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे. खोट्या टर्मिनलवर प्रत्येक कळ आधी जावयाच्या हाती पडते आणि मग पुढे जाते, पडद्यावर दिसो न दिसो. हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

काही दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेबांनी टकलावरून हात फिरवत ती नोंद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. हशा पिकला. जावईही हसला.

"मावशी, शाप पोचले बरं का. उद्यापासून येऊ नका. तुमच्या जागी तुमचीच बोटं बसवलीत आम्ही, शिव्या वगळून."

जिन्यात मावशींनी जावयाला गाठलं. "जुन्या साहेबांकडे मी शब्द टाकला म्हणून तुम्ही इथे लागलात. दोन ओळी खोडता आल्या नाहीत तुम्हाला?"

"खोडल्या ना, आई. माझ्याबद्दलच्या तेवढ्या खोडल्या. वशिल्याचा आहे असं साहेबांना वाटायला नको."

मावशी जिना उतरू लागल्या. साहेबांना शिव्या घालून झाल्या की त्याच न दिसणाऱ्या ओळीत त्या रोज आणखी एक वाक्य लिहायच्या: 'देवा, जावयाची नोकरी टिकू दे.'

देवाने ऐकलं म्हणायचं.