चिमणाकाकीचं परत धाडलेलं दूध

दूध चांगलं का वाईट ह्ये आमच्या गावात यंत्र सांगत न्हाय, मी सांगतो. कोडोलीच्या अलीकडं आमचं गाव, आन् तिथल्या डेअरीत मी, आकाराम, बावीस वर्सं दूध घेतोय. फॅट यंत्र काढतंय, पण कॅनचं झाकण उघडलं की पयलं नाक माझं. तवाच्या चेअरमनच्या बापाचं दूध पाण्याचं हाय म्हणून मी एकदा भर रांगेत परत केलतं. तवापास्नं लोक म्हणायचं, आकारामनं न्हाय म्हणलं की न्हाय. ह्याचा मला लई माज हुता. आता कुणी तसं म्हणलं की चप्पल काढून आपल्याच थोबाडात हाणावी वाटती.

चिमणाकाकी म्हंजे कृष्णाततात्याची बायको. साठीची, काटकुळी, आवाज मात्र असा की ओढ्यापलीकडनं हाक मारली तर अलीकडची म्हसरं मान वर करून बघायची. घरात एक म्हस, रांगेत एक कॅन, आन् त्यो राखेनं घासून लखलखीत. रांगेत मधी घुसणाऱ्याला शिवी घालायची आन् त्याच तोंडानं त्येच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायची. एकदा तिचं दूध बोटावर घिऊन मी म्हणलं, काकी, म्हशीची कास बघा, सुजायला लागलीया. डॉक्टर आला, कास वाचली. झालं, तवापास्नं माझ्यावर तिचा असा इश्वास बसला की इचारू नका. घरी गेलो की ताकाचा तांब्या हातात दिल्याबिगर सोडायची न्हाय.

तात्या बोलायला कमी. गावामागच्या डोंगरात दगडाची खाण सुरू झाली, क्रशर बसला, तवा समदं गाव खूश हुतं. दोन वर्सांत सुरुंगांनी डोंगराखालच्या घरांस्नी चिरा गेल्या आन् भर उन्हाळ्यात वाहणारा झरा आटला. बोंब समद्यांनी मारली, पण ती आपापल्या घरात बसून. खाण बंद करा म्हणून सरकारात अर्ज एकट्या तात्यानं केला. खाण उदयसिंहाच्या भावाची, आन् उदयसिंह आमच्या डेअरीचा आताचा चेअरमन.

आधी तात्याच्या शेतातली पाण्याची पाइप कुणीतरी फोडली. मग डंपर अंगावर घातला, तात्या सायकलसकट चरीत पडला. मग भर दुपारी फाट्यावर दोन गाड्यांवरनं चौघं आली आन् त्यांनी काठ्यांनी तात्याचा उजवा हात मोडला. फाट्यावर पानपट्टी, गॅरेज, वडापच्या जीपवाले, समदी हुती. पोलिसांनी इचारलं तवा कुणालाच काय दिसलं नव्हतं. मी बी तिथं हुतो. मला बी दिसलं नव्हतं.

तात्यानं डाव्या हातानं दुसरा अर्ज लिवला. त्या अर्जावर कोल्हापूरचा मोठा साहेब सोता खाण बघायला येणार, आन् तात्याचं खरं निघालं तर खाण बंद हुणार, असं ठरलं.

तवा उदयसिंहानं मला बोलवून घेतलं. कृष्णाताचं दूध उद्यापास्नं घ्यायचं न्हाय म्हणला. कारण काय सांगायचं त्ये तुझं तू बघ. माझा धाकटा भाऊ त्याच खाणीवर डंपर चालवतोय. मी नंदीबैलागत मान हलवली.

आता हितं माझी खरी घाण हाय, म्हणून नीट सांगतो. मी काकीला सरळ म्हणू शकलो असतो, चेअरमन नको म्हणतोय. काकीनं त्येच्या नावानं रांगेतच शिमगा केला असता, आन् गावाला कळलं असतं दूध का परत जातंय. पण मला तिच्या नजरंतनं उतरायचं नव्हतं. चेअरमनला भिऊन शेपूट घालणारा गडी, असं तिनं माझ्याकडं बघितलेलं मला सोसलं नसतं. आपलं नाव राखायला मी तिच्या दुधाचं नाव घालवलं. चेअरमननं हुकूम दिला हुता, पण खोटं त्येनं सांगितलं नव्हतं. त्ये माझं, माझ्या डोक्यातनं निघालेलं.

सकाळी तिनं कॅन पुढं केला. मी झाकण काढून वाकलो. ताजं, कोमट, निर्मळ दूध.

"वास मारतोय काकी," मी म्हणलं.

कसला वास, तिनं इचारलं. माझ्या तोंडातनं निघालं, औषधासारखा. तिनं सोता वाकून वास घेतला, दोनदा घेतला. मग कॅन उचलत म्हणली, "माझं नाक म्हातारं झालं बाबा. तुला येतोय म्हंजे असंल."

असं बारा दिवस चाललं. तिनं कॅन उकळत्या पाण्यात खळबळला, पेंड बदलली, म्हशीच्या कासेला हळद लावली. रोज रांगेत उभी ऱ्हायची, आज बघ की रं म्हणायची. रोज मी वाकायचो आन् मान हलवायचो. तिची लेक संयोगिता पयल्या बाळंतपणाला माहेरी आलीया, तिचं बी दूध काकीनं बंद केलं. सातव्या म्हयन्यातली पोर कोरा चहा प्यायला लागली आन् दूध उकिरड्यावर जायला लागलं. वर काकी मलाच म्हणती, बरं झालं तू येळेवर सांगितलंस, न्हायतर पोरीच्या पोटात गेलं असतं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. "असू द्या काकी," म्हणलं आन् पुढचा कॅन घेतला. थू माझ्या जिनगानीवर.

तिनं आपल्या डोक्यानं कारण बी हुडकलं. खाणीची धूळ आन् सुरुंगाची दारू चाऱ्यावर बसती, म्हस त्येच खाती, म्हणून वास. तात्याला पटंना. त्यो म्हणला, दूध चेअरमननं अडवलंय. तिनं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण काढलं, की बाकीच्यांचं सोडा, आकाराम तसला न्हाय. शेवटी तात्यानं अर्जाला पुरवणी जोडली, की धुळीनं दूध बाधतंय, आन् साक्षीदार म्हणून माझं नाव घातलं. ह्ये मला काकीनंच कौतुकानं सांगितलं. तवा बी एका वाक्यात समदं सांगून मोकळं हुता आलं असतं. मी वहीत आकडं लिवत ऱ्हायलो.

सरकारी डॉक्टर दुधाचा नमुना घिऊन गेला. आठवड्यानं साहेब आला. माणूस चांगला वाटला. चिरांत बोट घालून बघितलं, आटलेल्या झऱ्यापाशी उकिडवा बसला, समदं लिवून घेतलं. मग चावडीत दुधाचा कागद वाचला. दूध निर्मळ हाय, कसलाच दोष न्हाय. उदयसिंहाची माणसं फिदीफिदी हसली. दूध खोटं, तर चिरा बी खोट्या आन् झरा बी खोटा, असं एकजण मोठ्यांदा म्हणला. साहेबानं मला उभं केलं. काय बोलायचं त्ये उदयसिंहानं आधीच पढवून ठेवलं हुतं.

"मी ह्यांचं दूध कवाच परत केलं न्हाय," मी म्हणलं.

रांगेत रोज उभी ऱ्हाणारी तीसेक माणसं चावडीत बसली हुती. समदी जमिनीकडं बघाय लागली. तात्या प्लास्टरचा हात धरून उठला. साहेबानं काकीला इचारलं, बाई, मग खोटं कोण बोलतंय?

मला वाटलं आता ही माझ्या तोंडावर थुकणार. थुकली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडं बघितलं, लई येळ बघितलं. मग साहेबाला हात जोडलं.

"दुधाचं खोटं माझं हाय साहेब. मालकांस्नी म्याच लिवायला लावलं. पण भिंतीचं आन् झऱ्याचं खरं हाय. तेवढं धरा."

साहेबानं काय बी धरलं न्हाय. तक्रारदारावर भरवसा ठेवता येत न्हाय, असा शेरा मारला आन् गाडीत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुंग उडला.

चावडीतनं बाहेर पडताना काकीनं मला गाठलं. मी मान खाली घातली. ती ओरडली न्हाय, शिवी दिली न्हाय. तिचा एवढा बारीक आवाज मी कवाच ऐकला नव्हता.

"कागदाचं ऱ्हाऊ दे, कागद त्यांचा बी असंल. तू सांग. दूध चांगलं हाय न्हवं? पोरीला देऊ?"

"चांगलं हाय काकी," मी म्हणलं. "पयल्यापास्नं चांगलंच हुतं. आईशप्पथ. द्या."

ती माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हायली. खरं का खोटं, तिला ठरवता येईना. मग तात्याच्या मागनं निघून गेली.

आता चेअरमन म्हणतोय, तिचं दूध घेत जा. पण ती डेअरीत येत न्हाय. परवा शेजारीण सांगत हुती, संयोगिताला अजून दुधाचा थेंब दिलेला न्हाय.