बाबांनी गाळलेली ओळ

आमच्या ख्रिस्ती घरात प्रभूची प्रार्थना म्हणजे आईचं राज्य. माधव नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी जेवणाआधी आई मोठ्याने सुरू करणार आणि आम्ही तिघं, म्हणजे बाबा, दादा आणि मी, तिच्या मागे. पाठ सगळ्यांना आहे हो! पण इतकी वर्षं तिच्या आवाजामागे म्हटली, की ती थांबली की आमची पण बंद.

फाळणीत माझा मामा गेला. आईचा धाकटा भाऊ, रेल्वेत गार्ड. पंजाबकडे गाडी घेऊन गेला होता, वाटेत जमावाने अडवली, बस, इतकंच कळलं. मारणारे कोण, कुठले, काही पत्ता नाही. आई खूप रडली, पण प्रार्थना एक दिवस चुकवली नाही. फक्त एका ठिकाणी अटकायची. आजची भाकर मागून झाली की माफीची ओळ येते: जसे आम्ही दुसऱ्यांना माफ केलं, तसं देवा, तू आम्हाला कर. तिथे आई गप्प. तर आम्ही पण गप्प! चौघं डोळे मिटून बसलेले. मग ती एकदम "आमेन" बोलून वरण वाढायला उठायची. उरलेली प्रार्थना आमच्या पोटातच!

चर्चचे पाळकसाहेब सायकलवर समजवायला आले. भजी खाल्ली, चहा प्यायले, मग बोलले, "बाई, माफ करा त्यांना."

"करते ना. पण कोणाला? एकाचं तरी तोंड दाखवा."

पाळकसाहेबांनी आणखी एक भजं उचललं. 

असे कितीतरी महिने गेले. तेवढ्यात आमचं संस्थान जाऊन मध्य भारत राज्य झालं, मी सरकारी ऑफिसात नव्या राज्याच्या नावाने तीच पत्रं परत टाइप करत बसले, आणि घरी आईची ओळ तिथेच.

मग बाबांना आयडिया आली. एका संध्याकाळी त्यांनीच प्रार्थना सुरू केली. भाकरीपर्यंत आले आणि मारली ना उडी! भाकरीवरून थेट "आम्हाला परीक्षेत आणू नको"! मला इतकं हसू आलं की दादाने चिमटा काढला. आमेन झालं. बाबा एकदम खूश.

आईने डोळे उघडले. "अहो, ओळ कुठे गेली?"

"कोणती?" बाबा वरणाकडे बघत.

"कोणती काय कोणती! येशूने शिकवलेली प्रार्थना, आणि तुम्ही त्यातली ओळ खाता? उद्या बोलाल, दहा आज्ञांतल्या तीन-चार पण कमी करू!"

"अगं, तुला त्रास होतो म्हणून..."

"होतो ना त्रास. म्हणून काय ती गायब करायची? मला जमत नाही, ते रोज तिथे उभं राहूनच देवाला सांगते मी. ओळच काढली तर उभी कुठे राहू?"

बाबांचे कान लाल. आई माझ्याकडे वळली. "तू म्हण. पहिल्यापासून."

मी घाबरून जी धडाधड सुटले!

"हळू ग बाई, टाइप करतेस का? मला पण म्हणायची आहे."

मग मी एकेक शब्द. भाकर झाली. आई माझ्याबरोबर "जसे आम्ही" बोलली. मोठ्याने. मग थांबली. आम्ही पण थांबलो, सवयच ना! पण या वेळी तिने आमेन नाही लावलं. डोळे पुसले आणि बोलली, "देवा, आज इतकीच. बाकीची उद्या बघते. आणि यांना ओळी खायची सवय लागू देऊ नको."

आधी बाबाच हसले, मग आम्ही, मग ती स्वतः. मामा गेल्यानंतर पहिल्यांदा! आणि हसता हसताच त्या ओळीनंतरचं सगळं तिने म्हटलं, आम्ही तिच्या मागे.

पूर्ण ओळ अजून झालेली नाही. काल चार शब्द झाले. दादा बोटांवर मोजतो, आई त्याला रागावते, आणि आज ती कुठपर्यंत जाते म्हणून आम्ही डोळे मिटून, कान लावून बसतो.