डाव्या हाताच्या डब्या

आमच्या ह्यांना अर्धांग झालं तेव्हा पडवीत फणसाच्या फळ्या कापून ठेवलेल्या होत्या. रत्नागिरीतल्या एका दुकानदाराला दर महिन्याला डब्या जायच्या. तळहातावर मावेल एवढी पिवळीधमक डबी, झाकणावर काळ्या शिसवाची कोयरी बसवलेली. हे गावात दारं-खिडक्यांची कामं करत, पण नाव झालं ते या डब्यांमुळे.

दोनेक महिन्यांनी बोलणं परत आलं, उजवा हात आला नाही. एक दिवस खुर्चीतूनच म्हणाले, रंधा उचल. मी बावन्न वर्षांची होते. तोवर केर काढताना त्यांची पटाशी बाजूला सरकवली तरी ओरडा बसायचा. मुलगा मुंबईला, त्याला या कामात कधीच रस नव्हता. राहिले मी.

डाव्या हातात काठी घेऊन ते बसत आणि चुकलं की ती जमिनीवर आपटत. कसं करायचं ते सांगत नसत, काय बिघडलं तेवढं सांगत. लाकडाच्या रेषेच्या उलट रंधा मारला की टवके निघतात, हे माझं मलाच तिसऱ्या फळीवर कळलं. पहिल्या सगळ्या डब्या त्यांनी न्हाणीच्या चुलीत घालायला लावल्या. त्यातली एक मला बरी वाटली होती, म्हणून मी ती तांदळाच्या पिंपात लपवली. ती कुठे आहे हे त्यांनी त्याच दिवशी विचारलं.

एकदा कोयरीची खाच कोरताना पटाशी निसटून माझ्या अंगठ्यात घुसली. रक्त झाकणावर सांडलं.

"आधी लाकूड पूस," ते म्हणाले. "डाग राहतो."

मी लाकूड पुसलं, मग अंगठा बांधला.

त्यांची कसोटी एकच होती. डबी पालथी धरली तर झाकण पडता नये, आणि दोन बोटांनी उचललं तर अडता नये. आमच्याकडे पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, त्यामुळे आज बसलेलं झाकण दोन महिन्यांनी बसेलच असं नाही. हे अंगात मुरायला वर्ष गेलं. मग एका दुपारी त्यांनी माझी डबी पालथी केली, सरळ केली आणि दुकानाच्या पिशवीत टाकली. मला तेवढंही पुरलं असतं.

पण दुकानदार माल न्यायला आला आणि विचारू लागला की या अवस्थेत हे कसं जमवलंत. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच होते. हे म्हणाले, डाव्या हाताला सवय लावली. आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पॉलिशपेपर ही मारते."

त्यानंतर दुकानात डबीबरोबर ती कथाही विकली जाऊ लागली. कोणीतरी बातमी छापायला आला. ह्यांनी डाव्या हातात पटाशी धरली, त्याने फोटो काढला, मी पोहे केले. पुढे एका कार्यक्रमात शाल-श्रीफळ मिळालं. घरी आल्यावर मी पहिल्यांदाच विचारलं, की माझं नाव का घेतलं नाहीत.

"माझ्या नावावर खपतात," ते म्हणाले. "तुझ्या नावावर कोण घेईल?"

त्या महिन्याच्या सहा डब्यांची झाकणं मी मुद्दाम सैल केली. हे तापाने पडून होते, त्यामुळे न तपासता गेल्या. आठ दिवसांत पिशवी परत आली. दुकानदाराने फोनवर अगदी आदराने सांगितलं की आता वय झालं, थोडा आराम करा. ह्यांनी एकेक डबी मांडीवर पालथी केली. सहाही झाकणं पडली. त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून राहिले, जेवले नाहीत. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी मी सहा नवी झाकणं केली.

गेल्या वर्षी ते गेले. तेराव्यानंतर दुकानदार भेटायला आला, तेव्हा मुलगा घरात होता. त्यांच्या हातच्या काही डब्या राहिल्या असतील तर द्या, असं तो म्हणाला. मी सांगितलं, आजारपणानंतरच्या सगळ्या मी केल्यात. दुकानदाराने मुलाकडे बघितलं. मग मुलगा हळू आवाजात त्याला म्हणाला, "आई पॉलिशपेपर मारायची. तिने फार मनाला लावून घेतलंय."

मुलगा वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि मे महिन्यात. तो असला की हे मला कामाला बसू देत नसत. मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या बापाला त्याच्यासमोर उघडं पाडायचं नव्हतं, म्हणून.

महिनाभराने चार नव्या डब्या घेऊन मी एसटीने रत्नागिरीला गेले. दुकानदाराने त्या पालथ्या करून बघितल्या. एकही झाकण पडलं नाही.

"चांगल्या आहेत, वहिनी," तो म्हणाला. "पण त्यांच्या हाताची सर नाही."

त्याच्यामागे काचेच्या कपाटात ह्यांचा तो पटाशीवाला फोटो आणि दोन डब्या मांडल्या होत्या. दोन्ही माझ्याच होत्या. मी त्याला ते सांगितलं नाही, चार डब्या पिशवीत भरल्या आणि स्टँडवर आले.

आता लांज्यातला एक काजूवाला माझ्याकडून डब्या घेतो, दिवाळीत भेट द्यायला. त्याला कोयरी नको, वेळ जातो म्हणतो. आत पाव किलो काजू मावले आणि झाकण घरी पोचेपर्यंत टिकलं की झालं. तशा करून देते. परवा मुलाचा फोन आला होता. म्हणाला, बाबांचं काम पुढे चालवतेस, बरं वाटतं.

मी हो म्हटलं आणि त्याच्या पोरांची चौकशी केली.